पाहुण्यापुरती गादी

आमच्या गल्लीत घरं सहा आणि पाहुण्यांची गादी एक. ती कुणा एकाची नाही, सहाही घरांची. ज्याच्याकडे पाहुणा येतो त्याच्याकडे गादी जाते, आणि पाहुणा गेल्यावर पुढचा पाहुणा कुठंतरी उगवेपर्यंत तिथंच भिंतीला टेकून उभी राहते. गल्लीतल्या माणसानं तिच्यावर झोपायचं नाही. मला टायफॉइड झाला तेव्हा गादी आमच्याच घरात होती. मी चटईवर तापानं फणफणत होतो आणि ती समोरून माझ्याकडे बघत होती. नियम म्हणजे नियम.

एकाच दिवशी दोन घरी पाहुणे आले तर वयानं मोठा असेल तो गादीवर. एकदा दोघंही पाहुणे हटून बसले आणि दोघांनी आधार कार्डं काढली. ज्याला गादी मिळाली नाही तो अजून म्हणतो, माझी जन्मतारीख मास्तरनं अंदाजानं लिहिली होती.

अशी ही गादी यंदाच्या उन्हाळ्यात वानरांनी नेली.

आईनं ऊन दाखवायला ती आमच्या स्लॅबवर टाकली होती. वानरांची टोळी आली. गादीत काहीतरी दडवून ठेवलंय असा त्यांना संशय असावा, कारण त्यांनी ती फाडली नाही, एखाद्या टेलरसारखी शिवणीवरून उसवली आणि मग चिमूट चिमूट तपासली. काही मिळालं नाही. रस्त्याकडेची बाभळ वेचणीला आलेल्या कापसासारखी दिसायला लागली. एक म्हातारं वानर खोळ अंगावर घेऊन पाण्याच्या टाकीवर संध्याकाळपर्यंत बसलं होतं. खाली दोन-चार माणसं हात जोडून उभी राहिली असती तरी मला नवल वाटलं नसतं.

गादी आमच्या मुक्कामी होती, म्हणून भरपाई आमची, असं धुरपता मावशींचं म्हणणं पडलं. वानरं सगळ्या गावाची आहेत, असं आईचं म्हणणं पडलं. वडील, म्हणजे भिवाजी, दोन्हीला "बघू" म्हणाले. वडील सगळ्यालाच बघू म्हणतात. त्यांच्या लग्नातही त्यांनी तेच म्हटलं होतं, असं आई सांगते.

पण आईला गादीची घाई होती, आणि ती वानरांमुळे नव्हती. विजयमामामुळे होती.

विजयकुमार हा आईचा धाकटा भाऊ. एसटीत ड्रायव्हर. डेपो तिकडं लांब लातूरकडे, पण गाडी हिंगोलीला जाताना आमच्या डोंगरकडा गावावरून जाते. आईचं माहेर साखऱ्याचं, पण आजी-आजोबा गेल्यापासून तिथं आता कुणी नाही. त्यामुळे आईचं माहेर म्हणजे एसटीच्या ड्रायव्हरची खिडकी. मामाची ड्यूटी असली की आई भाकरीचा डबा घेऊन स्टँडवर जाते. मामा खिडकीतून वाकतो, आई खालून मान वर करते, इंजिन चालूच असतं, आणि दोघं ओरडून ओरडून एकमेकांना गुपितं सांगतात. मामाच्या घरातलं भांडण आईच्या आधी स्टँडवरच्या भजेवाल्याला कळतं. आणि गोष्ट "आक्का, मंग काय झालं म्हंतीस..." इथपर्यंत आली की कंडक्टर घंटी मारतो. गाडी जाते, गोष्टही जाते. पुढच्या खेपेला मामाला दुसरंच काहीतरी सांगायचं असतं. आईकडे अशा अर्ध्या गोष्टी कितीतरी साठल्या आहेत. मामाच्या साडूचं कोर्टात काय झालं, मामीनं अंगणवाडीतली नोकरी काहून सोडली, काही पत्ता नाही.

मामा आमच्याकडे मुक्कामी कधी राहिलाच नाही. आधी रजा मिळायची नाही. मग रजा मिळायला लागली तर मणका सरकला. आणि आता त्याचा फोन आला होता.

"आक्का, दोन राती राहतो तुझ्याकडं. पण डाक्टरनं मऊ गादीवर निजू नको म्हन्लं आन् भुईवर बी निजू नको म्हन्लं. भुईवर टाकशील तर सकाळी मला उठवायला क्रेन बोलवावी लागंल."

"मी बघते," आई म्हणाली. वडिलांच्या आणि आईच्या बघण्यात फरक असा की आई खरंच बघते.

फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "पम्या, मानूस आंग टाकून जे बोलतो ना, ते उभ्यानं बोलत न्हाई. दोन राती हायेत. माझं सगळं पुरं होतं त्यात."

रविवारी विहारात वंदना झाल्यावर तिथंच ओट्यावर बैठक बसली. घरामागं हजार रुपये काढायचे ठरले. एका घरानं अर्धेच दिले. आमच्याकडे फक्त सासू येते आणि तिला आम्हाला एवढं सुख द्यायचं नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. बैठकीला ते पटलं. साडेपाच हजार जमले, वडिलांनी ते रुमालात बांधले आणि म्हणाले, "बघू."

तेव्हा धुरपता मावशी उठल्या. गल्लीत वयानं मोठ्या त्याच. त्या नुसत्या उठल्या तरी समोरची माणसं पदर, टोपी, मोबाइल, काय असेल ते सावरतात.

"गादी चांगली पाहिजे," मावशी म्हणाल्या. "पर लई चांगली नको."

कुणाला कळलं नाही.

"माझ्या लेकीचा चुलतसासरा आल्ता, आठवतो का? दोन दिवसासाठी आल्ता. पेरणीला आला आन् सोयाबीन घरात आल्यावर गेला. काहून? तवा गादी नवी पिंजून आनली होती. मानूस उठनाच. मी म्हन्लं, पाव्हनं, घरी वाट बघत असतील. तो म्हन्ला, बघू द्या. त्याच्या नावानं आपल्याकडं टपाल यायला लागलं होतं, बाई!"

बैठक गंभीर झाली. ते टपाल सगळ्यांनी पाहिलं होतं.

"म्हनून सांगते. पहिल्या राती पाव्हन्यानं म्हनावं, वा! दुसऱ्या राती म्हनावं, ठीक हाय. आन् तिसऱ्या दिशी सकाळी उठून त्यानं इचारावं, बस किती वाजता हाय? अशी गादी आना."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईनं नाही वाजवल्या. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. दोन रातींत तिला वीस-बावीस वर्षांचं बोलायचं होतं, आणि इथं दुसरी रात 'ठीक हाय'वर आणून ठेवलेली.

गादी निवडायला हिंगोलीला जायचं ते आईनं, कारण पहिला पाहुणा तिचा. धुरपता मावशींनी, कारण अट त्यांची. आणि मी, कारण मी मोबाइलवर गाद्यांचे व्हिडिओ बघितले होते. त्या व्हिडिओत एक गोरा माणूस गादीवर पाण्याचा भरलेला ग्लास ठेवून शेजारी उड्या मारतो. आमच्याकडे पाहुणे शेजारी उड्या मारणाऱ्यातले नाहीत, पण ज्ञान ते ज्ञान.

हिंगोलीत बाजाराच्या अंगाला मोहियोद्दीन चाचांचं दुकान आहे. दुकान एक, पाट्या दोन. वरची जुनी पाटी, 'मोहियोद्दीन गादी कारखाना'. तिच्या खाली चमचमती, 'नोमान स्लीप वर्ल्ड'. नोमान म्हणजे त्यांचा मुलगा. डावी बाजू बापाची, तिथं कापूस. उजवी बाजू पोराची, तिथं फोम. मधे एक स्टूल, आणि गिऱ्हाईक त्या स्टुलावरून कुणीकडं झुकतं ते दोघं टक लावून बघतात.

"या बाई, बसा," चाचा म्हणाले. "गादी म्हंजे कापूस. बाकी सगळा स्पंज हाय, भांडे घासायचा."

"अब्बा, गिऱ्हाइकाला डरवू नका," नोमान म्हणाला. "मावशी, तुम्ही इकडं या. हे बघा, मेमरी फोम. हिला याद राहते."

"कशाची?" मावशींनी विचारलं.

"माणसाच्या अंगाची. माणूस जसा झोपला, तसा आकार घेते."

मावशी मागं सरकल्या. "म्हंजे एक पाव्हना गेला तरी त्याचा खड्डा राहनार, आन् त्यात दुसरा पाव्हना घालायचा आमी? मोठ्या मानसाच्या खड्ड्यात बारकं मानूस सापडायचं न्हाई, बाबा!"

"नाही नाही, खड्डा लगेच भरतो."

"मंग याद कुठं राहिली?"

नोमाननं फोम पुन्हा एकदा दाबून बघितला. कंपनीनं त्याला हे शिकवलेलं नव्हतं.

मावशींनी मग चाचणी सुरू केली. ती व्हिडिओत नव्हती. त्यांनी मला त्या फोमवर आडवं पाडलं. "तू पाव्हना हायेस," त्या म्हणाल्या, आणि मी डोळे मिटले.

"पाव्हनं, च्या ठेवू का?"

"ठेवा," मी म्हणालो.

"घरचे समदे बरे हायेत ना?"

"व्हय. पोराचं तेवढं जमून राहिलं एका ठिकानी." आता पाहुणाच व्हायचं तर नीट व्हावं.

"पाव्हनं, बस लागली!"

मी उठायला गेलो. खाली हात टेकवला तर हात आत गेला. कोपर टेकवलं, तेही गेलं. मग कुशीवर वळलो, गुडघे पोटाशी घेतले आणि काठाकडे सरपटत आलो. तोवर खरी बस असती तर कळमनुरीला पोचली असती.

"बघितलं का?" मावशी आईला म्हणाल्या. "हा गाळ हाय. हिच्यात पडलेला पाव्हना पोळ्यापस्तोर निघत न्हाई."

"चौदा हजाराची आहे, मावशी," नोमान दुखावून म्हणाला.

"गाळ आन् चौदा हजार!"

मग स्प्रिंगची गादी झाली. "बस लागली" म्हटल्याबरोबर मी इतक्या जोरात उठलो की समोरच्या उशांच्या ढिगाऱ्यात गेलो. मावशींना ती फार आवडली. हिच्यावरून पाहुणा उठला की सरळ बसमध्येच, असं त्या म्हणाल्या. पण ती आणखी महाग होती, आणि आई म्हणाली की मणका सरकलेल्या माणसाला फेकून देता येत नाही.

आता चाचांची पाळी. त्यांनी कापसाची गादी पसरली, तिच्यावर दोनदा थापटी मारली आणि हात छातीशी घेऊन बाजूला झाले. मी झोपलो. खरं सांगायचं तर मला तिथं रडू यायच्या बेतात होतं, इतकं बरं वाटलं. पण बरं वाटणं हा आमच्या कामाचा भाग नव्हता.

"कापूस बसतो कवा?" आईनं विचारलं.

"बसतोच. कापूस हाय तो. साल-दोन सालानं आना, पिंजून देतो."

"आन् मधल्या टायमाला मधी खड्डा पडतो. मनक्याला चालत न्हाई," आई म्हणाली. "आन् चाचा, आमच्याकडच्या वानरांना कापूस कळला हाय आता."

चाचांनी वानरांची गोष्ट ऐकून घेतली. त्यांना राग वानरांचा आला नाही, शिवणीचा आला. "कोन शिवली होती?" त्यांनी विचारलं. आईनं सांगितलं, तुमीच. मग त्यांनी तो विषय वाढवला नाही.

मावशींनी आता दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "तुमी सोत्ता कशावर झोपता, ते सांगा आधी."

बापलेक दोघंही रस्त्याकडं बघायला लागले. रस्त्यावरून हळदीचा टेम्पो गेला.

"पोरानं मला फोमची दिली," चाचा म्हणाले. "ईदला. न्हाई कसं म्हनावं?"

"मला अब्बांनी कापसाची दिली. लग्नात," नोमान म्हणाला.

"मंग?"

"कमर दुखते," चाचा म्हणाले.

"माझी पण," नोमान म्हणाला.

बापलेकांनी एकमेकांकडे असं बघितलं, जणू ओळख आत्ताच होतेय. आमच्यामुळे एका घरातली दोन दुखणी बाहेर आली, पण आमची गादी काही झाली नाही.

तेव्हा आईला कोपऱ्यात ती दिसली. खोळींच्या गठ्ठ्यांखाली, भिंतीला चिकटून. जाड, चौकोनी, कसलंच नक्षीकाम नसलेली.

"ती काय हाय?"

"ती काथ्याची आहे, भाभी," नोमान म्हणाला. "वर पातळ फोमचा थर, आत नारळाचा काथ्या. पण कडक आहे. हॉस्टेलवाले नेतात. तुम्हाला नाही आवडणार."

"कडक?" आई म्हणाली.

"कडक?" मावशी म्हणाल्या.

दोघी एकदमच तिकडं निघाल्या.

नोमाननं गठ्ठे काढले. मी आडवा झालो. सरकारी हापिसातल्या मोठ्या टेबलावर झोपल्यासारखं वाटलं, फक्त टेबलानं आपल्याला जरा आदरानं वागवावं तसं. मी कुठंही आत गेलो नाही. पाठ सरळ राहिली. कूस बदलली तर बदलली, कुणाला विचारावं लागलं नाही. मावशींनी चहा विचारला, घरच्यांचं विचारलं आणि मग ओरडल्या, "बस लागली!" मी टणकन उभा राहिलो. माझं मलाच कौतुक वाटलं.

आई मुठीनं गादी दाबत होती. मधे दाबली, मग काठावर दाबली. काठावर बसून बघितलं, तर काठ खचला नाही. तिच्या ओठांवरून मला कळलं की मामा तिच्या मनात त्या गादीवर झोपलेला आहे आणि मणका नीट आहे.

मावशींनी नोमानला बाजूला घेतलं. "खरं सांग बाळा. तिसऱ्या राती टोचंल ना ही?"

नोमाननं मावशींकडे बघितलं. त्या आशेनं मान हलवत होत्या, होकाराची. त्यांच्या पाठीमागं आई मान हलवत होती, नकाराची. पोरगा बापाच्या दुकानात वाढला होता.

"मावशी," तो म्हणाला, "ज्याला टोचायची त्याला टोचंल."

दोघींचं समाधान झालं. अशा माणसानं दुकानात काय बसावं, निवडणुकीला उभं राहावं.

गादी पाच हजारांत बसली. घासाघीस मावशींनी केली. त्यांची पद्धत म्हणजे किंमत ऐकली की गादीकडे न बघता दुकानदाराकडे दयेनं बघायचं. चाचांनी उरलेल्या कापसाची एक उशी आमच्यावर लादली. निदान डोकं तरी कापसावर राहू द्या, असं ते म्हणाले.

येताना गादी काळीपिवळीच्या टपावर बांधली. वाटेत दोन माणसं वर चढून तिच्यावर बसली. मावशींनी खिडकीतून डोकं काढून त्यांना खाली उतरवलं. "कुनाच्या घरी आले तुमी? कुनाचे पाव्हने?" त्यांना सांगता येईना. एकानं जीपवाल्याचं नाव सांगून बघितलं, पण जीपवाला आमच्या गल्लीतला नव्हता.

घरी आल्यावर प्लास्टिकचा प्रश्न निघाला. गादीला वरून जाड प्लास्टिक होतं. ते काढायचं की ठेवायचं? गादी सहा घरांची. आम्ही काढलं आणि उद्या दुसऱ्याच्या घरी डाग पडला, तर बोलणी आम्हाला. मी म्हणालो की उकाड्यात प्लास्टिकवर माणूस वाफवून निघेल. मावशी म्हणाल्या, वाफवू दे, लवकर जाईल. वडील म्हणाले, बघू. प्लास्टिक राहिलं. आमची पत्र्याची कॉट दारामागून काढली, तिच्यावर गादी, गादीवर प्लास्टिक, प्लास्टिकवर चादर. हात ठेवला की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा.

शनिवारी दुपारी मामा आला. पहिल्यांदाच तो आम्हाला पूर्ण दिसला, एरवी छातीपासून वरचाच दिसायचा. उंचीनं मला वाटलं त्यापेक्षा कमी निघाला. आईनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाणी दिलं, जेवायला वाढलं. तो जेवताना काही बोलली नाही. बोलणं रातीसाठी ठेवलेलं.

"आक्का, जरा पाठ टेकतो," मामा म्हणाला आणि गादीवर आडवा झाला. प्लास्टिक करकरलं. मामा म्हणाला, "वा!"

आणि झोपला.

तो असा झोपला की माणसानं बघत राहावं. आयुष्यभर डेपोच्या बाकावर नाहीतर गाडीतल्या सीटवर, कुणीतरी उठवेल या बेतानं झोपलेला माणूस. त्याला पहिल्यांदा पाठीखाली काहीतरी सरळ मिळालं होतं आणि कुणी उठवणारं नव्हतं. प्लास्टिकचं त्याला काहीच वाटलं नाही, उलट आवाज असल्यामुळे बरं वाटलं असावं. संध्याकाळी आईनं जेवायला उठवलं. डोळे मिटूनच त्यानं दीड भाकरी खाल्ली, मिटूनच हात धुतले. आईनं खाली शेजारीच वाकळ टाकली, तिच्यावर पडली आणि म्हणाली, "हं, आता सांग. तुझ्या साडूचं काय झालं?" वरून घोरणं आलं.

रविवारी सकाळीही तेच. गल्लीतले लोक येऊन उंबऱ्यातून बघून जात होते. मामाला कुणी बघत नव्हतं, वर्गणी कशी चाललीय ते बघत होते. धुरपता मावशी मात्र मामाच्या उशाशी उभ्या राहिल्या आणि त्यांचा चेहरा पडत गेला.

"हे तर लईच झोपून राहिलं," त्या कुजबुजल्या. "त्या पोरानं फसवलं आपल्याला."

मग त्यांनी वाकून त्याच्या कानात सांगितलं, "पाव्हनं, बस लागली!"

मामा ताडकन उठून बसला. डोळे मिटलेलेच. दोन्ही हात समोर गोल धरले, पायानं क्लच दाबला, डाव्या हातानं गिअर टाकला, उजवीकडं मान काढून मागं बघितलं आणि गाडी बहुतेक स्टँडबाहेर काढली. मग सगळं सुरळीत चाललंय अशी खात्री पटल्यावर पुन्हा आडवा झाला.

"हा तर झोपेत बी चालवतो," मावशी घाबरून आईला म्हणाल्या. "ह्याच्या एसटीत कवा बसनार असशील तर इचार कर, भागू."

आई हसली नाही. ती कॉटच्या पायाशी बसली होती. समोर शेंगा होत्या, त्या फोडून झाल्या होत्या. मग मेथी निवडून झाली. मग माझे शर्ट घड्या घालून झाले, ते घड्या घातलेलेच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा जाणार होता. मी म्हणालो, "उठव ना त्याला."

"कसं उठवू?" आई म्हणाली. "इतक्या सालात त्याला असं निजलेलं बघितलं न्हाई मी. साखऱ्याला पाळन्यात असं निजायचा." तिनं चादर नीट केली. प्लास्टिक वाजलं, तसा तिनं हात मागं घेतला. "पर मी काय नुसतं निजलेलं बघायला बोलावलं का याला?"

दुपारी चहाला मामा आपसूक उठला आणि तोंड धुवायला मोरीत गेला. आईनं एकदा मोरीच्या दाराकडे बघितलं.

"धर तिकडून," ती मला म्हणाली.

"काय?"

"गादी धर. लवकर!"

आम्ही दोघांनी गादी उचलून धुरपता मावशींच्या दारात नेली. मावशी तांदूळ निवडत होत्या.

"पाव्हना गेला?" त्यांनी आनंदानं विचारलं.

"न्हाई. हाय."

"मंग ही?"

"बोलायचं हाय मला त्याच्याशी," आई म्हणाली.

मावशींनी आईकडे बघितलं. त्यांनाही सावळीला एक भाऊ होता, पाच वर्षांमागं गेला. त्या उठल्या, सूप बाजूला ठेवलं आणि गादीचं एक टोक स्वतः धरून ती आतल्या भिंतीला लावली. "माझ्याकडं पाव्हने आलेत म्हनून सांग," त्या म्हणाल्या. "लई आलेत म्हन."

मामा टॉवेलनं मान पुसत बाहेर आला. कॉटवर उघडा पत्रा आणि त्याच्यावर एक सतरंजी.

"आक्का, गादी?"

"धुरपताबाईकडं पाव्हने आलेत. गल्लीची हाय बाबा गादी. नियम हाय."

"बराबर हाय," मामा म्हणाला. एसटीतला माणूस, नियम म्हटलं की ऐकतो. तो बसला, पत्रा धडाम वाजला. आडवा होऊन बघितलं, कण्हत उठला. उशी पाठीमागं घेऊन भिंतीला टेकला. झोप काही येणार नव्हती. आईनं चहा दिला आणि खाली मांडी घालून बसली.

"हं. साडूचं काय झालं?"

मामानं साडूचं सांगितलं. मामीच्या नोकरीचं सांगितलं. दोघं ओरडून बोलत होते, इंजिन बंद आहे हे कुणाच्या लक्षात नव्हतं. आणि थोड्या वेळानं, एक गोष्ट चांगली रंगात आलेली असताना, दोघंही एकदम गप्प झाले. आई मान वर करून थांबली. मामा थांबला. कशाची वाट बघतात ते मला आधी कळेना. घंटी वाजायची वेळ झाली होती.

"बराय मंग, आक्का," मामा सवयीनं म्हणाला.

"काय बराय? गाडी कुठं हाय तुझी?"

मामानं आजूबाजूला बघितलं. गाडी नव्हती. कंडक्टर नव्हता. दारातून उन्हाची तिरीप आत आली होती आणि वडील तिच्यात पाय ठेवून बसले होते.

"न्हाई की," तो म्हणाला. मग त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "आक्का, बाबाची सायकल चोरीला गेली असं तुला सांगितलं होतं ना घरच्यांनी?"

"व्हय. मी तवा सासरी होते. सेनगावातून चोरली म्हने कुनीतरी."

"चोरली न्हाई. बाबाला सायकल चालवता येतच नव्हती."

"आँ? रोज तर घेऊन जायचा!"

"हातात धरून न्यायचा. हातात धरून आनायचा. कुनाला बोलला न्हाई. त्या दिशी मी मागं कॅरेजवर होतो, उतार होता, समोरून आख्खा बाजार येऊन राहिलेला. बाबाला वाटलं, लोकं बघतील. तर तो बसला."

आईचा हात तोंडावर गेला. "मंग?"

"बसला खरा. पर थांबवायची कशी ते त्याला कुठं ठाव? सेनगाव आलं. सेनगाव गेलं. लोकं म्हनून राहिले, भाऊ, कुठं निघालात? बाबा म्हन्ला, जरा काम हाय." मामा सरकून बसला, पत्रा वाजला, त्यानं कमरेला हात लावला. "आई गं... पाठ लई दुखून राहिली, आक्का."

"दुखू दे," आई म्हणाली. "पुढं सांग."